डिमेन्शिया झालेल्या माणसाला घरी गाणी कशी लावायची, आणि तेव्हा मेंदूत काय चालतं

"आईला सुनेचं नाव आठवत नाही, पण आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर म्हणते, मग विसरल्याचं सोंग करते की काय?" हा प्रश्न मी ठाण्यात कितीतरी घरांत ऐकलाय. सोंग अजिबात नाही. आणि हे असं का होतं ते एकदा नीट कळलं की गाणी कुठली लावायची, कधी लावायची हे पण बऱ्यापैकी कळतं, म्हणून आधी थोडं मेंदूबद्दल.

अल्झायमर हा डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, आणि त्यात सुरुवातीलाच मार बसतो तो मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला. नवीन आठवणी पक्क्या करायचं काम याचं, म्हणून सकाळचा नाश्ता दुपारी आठवत नाही. पण वर्षानुवर्षं मुरलेलं गाणं एवढ्या एकाच भागावर अवलंबून नसतं. २०१५ मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी दाखवलं की जुनं ओळखीचं गाणं ऐकताना जे भाग कामाला लागतात, म्हणजे मेंदूच्या आतल्या बाजूच्या सिंग्युलेट नावाच्या पट्ट्याचा पुढचा भाग आणि हालचालींची आखणी करणारा प्री-सप्लिमेंटरी मोटर भाग, ते अल्झायमरमध्ये बाकी मेंदूच्या मानाने कमी झिजलेले असतात. मुंबई लोकलची हार्बर लाईन बंद पडली तरी ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर चालू असू शकते ना, तसं. नाव आठवायचा रस्ता बंद झालाय, गाण्याचा अजून चालू आहे.

आता गाणी निवडायची. घरातले इथेच घाई करतात, यूट्यूबवर 'जुनी मराठी गाणी' टाकायचं आणि जे येईल ते लावून आपण स्वयंपाकघरात जायचं. तसं नको. अमेरिकेत युटा विद्यापीठात अल्झायमरच्या १७ पेशंटवर एक अभ्यास झाला, त्यात घरच्यांच्या मदतीने प्रत्येकाची स्वतःची गाणी निवडली, मग एमआरआयमध्ये त्याच गाण्यांचे वीस-वीस सेकंदांचे तुकडे ऐकवले, तेच तुकडे उलटे करून पण ऐकवले आणि मध्ये मध्ये शांतता ठेवली. आपलं गाणं सरळ वाजलं तेव्हा मेंदूच्या वेगवेगळ्या जाळ्यांमधला संपर्क वाढलेला दिसला, म्हणजे नुसता आवाज कानावर पडून भागत नाही, गाणं त्या माणसाचं असावं लागतं. अभ्यास छोटा होता, प्रत्येकाचं स्कॅन एकदाच झालं, त्यामुळे हा परिणाम किती टिकतो ते त्यातून कळत नाही. पण गाणी निवडायला एवढा धागा पुरेसा आहे.

वयाचा हिशोब असा करा. माणसाला साधारण दहा ते पंचवीस वयातली गाणी सगळ्यात घट्ट लक्षात राहतात. आज जे ऐंशीच्या आसपास आहेत त्यांची ही वर्षं म्हणजे अंदाजे १९५५ ते १९७०, विविध भारती १९५७ ला सुरू झालं, घरात किंवा शेजारी रेडिओ होता का हे विचारा. पण रेडिओवर थांबू नका. कोपरखैरणे-घणसोलीत कितीतरी माथाडी कामगार आता म्हातारे झालेत, ते साताऱ्याकडून आले, त्यांचं गाणं म्हणजे गावच्या देवळातलं भजन, भारूड, तमाशाची ढोलकी. दिवाळे किंवा बेलापूरच्या गावठाणातली आजी असेल तर कोळीगीतं, आणि आगरी घरात लग्नात धवलारीण गायची ते धवले. हे यूट्यूबवर नीट मिळेलच असं नाही, मग घरातल्या किंवा गावातल्या कोणी म्हाताऱ्या बाईकडून म्हणवून मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, ही फाईल सगळ्या प्लेलिस्टपेक्षा मोलाची आहे. जात्यावरच्या ओव्या, भूपाळी, शाळेतली प्रार्थना, हेही विचारा. आणि विचारायचं भावंडांना, मुलांना नाही, कारण मुलांना आईवडील चाळिशीनंतरचेच माहीत असतात. माझ्या आत्याने गडकरी रंगायतनला ढिगाने नाटकं बघितलीत, पण तिचा पाय खरा ठेका धरतो तो शाळेत चालीवर म्हणायच्या कवितांना, आणि हे आम्हाला तिच्या डोंबिवलीच्या धाकट्या बहिणीने सांगितलं.

दहा-बारा गाणी पुरतात सुरुवातीला. एका वेळी एक लावा आणि गाण्याकडे नाही, चेहऱ्याकडे बघा. बोटं हलतायत का, ओठ हलतायत का, खांदे सैल पडले का. ठेका धरणं ही छोटी गोष्ट नाही, लयीसाठी मेंदूचे हालचालीचे भाग पण कामाला लागतात, नुसतं बसून ऐकलं तरी. डोळ्यांत पाणी आलं तर लगेच बंद करू नका, शेजारी बसा, हात धरा, बऱ्याचदा रडून झाल्यावर माणूस मोकळा होतो. पण मुठी आवळल्या, कपडे ओढायला लागले, उठून दाराकडे जायला लागले तर ते गाणं बंद, आणि यादीतूनच काढून टाका, कारण एखाद्या गाण्याला मरण किंवा भांडण चिकटलेलं असतं जे आपल्याला माहीत नसतं.

गाणं मध्येच तोडू नका प्लीज. मॉन्ट्रियलमध्ये २०११ ला झालेल्या एका अभ्यासात, तो निरोगी लोकांवरचा होता, असं दिसलं की गाण्यातली आवडती जागा यायच्या आधीच, नुसत्या वाट बघण्यात, मेंदूत डोपामिन, म्हणजे आनंदाशी जोडलेलं रसायन, सुटायला लागतं आणि ती जागा आली की दुसऱ्या भागात सुटतं. म्हणजे अंतरा संपून धृपद परत येणार आहे ही ओढच अर्धा आनंद आहे. आणि म्हणूनच मला यूट्यूबच्या जाहिरातींचा एवढा राग येतो, ऐन रंगात आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कानावर एकदम मोठ्या आवाजात जाहिरात आदळते आणि ते दचकतात, मग पुढचा तासभर सावरायला जातो. गाणी पेनड्राईव्हवर घ्या आणि साधा स्पीकर ठेवा, किंवा कारवां, म्हणजे आधीच जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा स्पीकर, तोही चालतो, मराठी गाण्यांचा पण मिळतो. हेडफोन न विचारता डोक्यावर चढवू नका, आवाज कुठून येतोय ते न कळून घाबरतात काही जण.

आवाज बोलण्याएवढाच. ऐकू कमी येतं म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवत जातो, पण वयाने गेलेलं ऐकणं नुसत्या मोठ्या आवाजाने सुधारत नाही, शब्द फाटल्यासारखे येतात, त्यापेक्षा कमी वाद्यांचं गाणं निवडा, श्रवणयंत्र असेल तर घाला, कानात मळ आहे का तेही ईएनटीकडे एकदा बघून घ्या. टीव्ही बंद, फॅन हळू. खाली हळदीचा डीजे चालू असेल तर त्यावर आपलं गाणं चढवू नका, खिडक्या लावा आणि त्या दिवशी गाणं राहू द्या.

वेळ हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. बऱ्याच पेशंटची संध्याकाळी घालमेल वाढते, "मला घरी जायचंय" सुरू होतं स्वतःच्याच घरात बसून. आधी आठवडाभर वहीत लिहा किती वाजता सुरू होतं, मग त्याच्या साधारण अर्धा तास आधी गाणी लावा. भडका उडाल्यावर लावलेलं गाणं म्हणजे गोंधळात अजून एक आवाज. आता अडचण अशी की पाच वाजता आपण असतो ऑफिसात नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये, आणि घरी असते ब्युरोकडून आलेली मावशी. तिला शेजारी बसवून दाखवा, कुठलं बटण, कुठली गाणी, काय दिसलं तर बंद करायचं, आणि तिलाही वहीत लिहायला सांगा: लावायच्या आधी कसे होते, लावल्यावर कसे, नंतर कसे. लिहिता येत नसेल तर व्हॉइस मेसेज पाठवू दे. अर्धा तास पुरे, दिवसभर चालू ठेवलं की तो नुसता आवाज होतो आणि थकवा येतो.

गाणं चालू असताना परीक्षा घेऊ नका. "हे कोणी गायलंय? आठवतंय का?" हे प्रश्न बंद रस्त्याकडेच परत नेतात. त्यापेक्षा तुम्ही ओळ म्हणा आणि शेवटच्या शब्दाला थांबा, आला शब्द तर छान, नाही आला तर तुम्हीच म्हणा आणि पुढे चला.

अपेक्षा किती ठेवायची, तर संशोधनांचा एकत्र आढावा सांगतो की संगीताने उदासपणा बहुतेक कमी होतो, स्मरणशक्ती मात्र सुधारताना दिसत नाही. गोळ्या बंद करू नका. व्हॉट्सॲपवर फिरतं ना, अमुक राग अमुक आजाराला, तमुक हर्ट्झ मेंदूला, त्याला भक्कम आधार नाही, त्यावर पैसे घालवू नका. गाण्याआधी-नंतर स्कॅन करून बघू का असं पण विचारतात लोक, त्याची गरज नाही, ती संशोधनाची पद्धत आहे, तुमच्यासाठी वहीच बरी. आणि एक-दोन दिवसांत अचानक बडबड, भास, चिडचिड वाढली तर गाणी लावत बसू नका, लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, कुठेतरी दुखणं असं काही असू शकतं, सरळ डॉक्टरकडे न्या.

आजार पुढे गेला, बोलणं बंद झालं, तरी गाणं चालू ठेवा, फक्त रेकॉर्डऐवजी स्वतः म्हणा, हळू, त्यांच्या श्वासाच्या गतीने, हातावर हलका ठेका देत. तुमचा सूर कसा आहे याने काही फरक पडत नाही. फक्त या टप्प्यात गिळायला त्रास असतो, तेव्हा घास तोंडात असताना त्यांना गायला लावू नका: आधी गाणं, मग पाच मिनिटं शांत बसवून, पाठ सरळ करून जेवण.