सेल्फ मारताना हेडलाइट बघा

जुनी गाडी सकाळी चालू झाली नाही की पहिला विचार नव्या बॅटरीचा येतो. थांबा. गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, भिंतीसमोर हेडलाइट लावून सेल्फ मारा.

१. लाइट एकदम मंद झाला किंवा विझला, नुसती टकटक आली : बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल (बॅटरीला वायर जोडणारी क्लिप) सैल आहे. टर्मिनल हाताने हलवून पाहा. हलत असेल किंवा वर पांढरी-हिरवी बुरशी असेल, तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढा. गरम पाण्याने धुवा, कोरडं करून घट्ट आवळा. (माझं अर्ध्या वेळा इथेच भागलं आहे.)

२. लाइट लख्ख, पण सेल्फ गप्प : बॅटरीला दोष देऊ नका. स्टार्टर (सेल्फची मोटर), त्याचा सोलेनॉइड (मोटरला करंट देणारा विजेचा स्विच), वायर किंवा इग्निशन स्विच तपासून घ्या.

३. सेल्फ जोरात फिरतोय, इंजिन पकडत नाही : पेट्रोल पोचत नाही किंवा प्लगला स्पार्क नाही. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत आधी चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढून बघा.

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) असेल तर बंद गाडीत बॅटरीच्या दोन टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फची मोटर जळते.