झुरळाच्या नराची प्रजननसंस्था कशी पाहावी

अकरावीच्या जीवशास्त्रात झुरळावर अख्खा धडा आहे. नराच्या प्रजननसंस्थेची आकृती मुलं पाठ करतात, परीक्षेत काढतात, पण ती प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेली मुलं फार थोडी. नाशिकमध्ये त्यासाठी लांब जावं लागत नाही. पंचवटीतल्या जुन्या वाड्याची मोरी असो की गंगापूर रोडवरच्या सोसायटीचं चेंबर, पावसाळ्याच्या तोंडावर मोठी तांबूस-तपकिरी झुरळं बाहेर पडतातच. आपल्याला हवं ते हेच, पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. स्वयंपाकघरात ट्रॉलीच्या फटीत फिरणारं बारकं जर्मन झुरळ जेमतेम दीड सेंटिमीटरचं असतं. पहिल्याच वेळी त्याच्या नादी लागू नका.

आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. पुस्तकातली आकृती वृषणापासून सुरू होऊन खाली येते. झुरळ उघडल्यावर मात्र मागच्या टोकापासून सुरुवात करून वर चढायचं. वृषण म्हणजे शुक्राणू तयार करणारा अवयव. तो पांढरा, त्याच्याभोवतीची चरबीही पांढरी. आधी तेच शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही आणि तोवर सगळ्याचा चुथडा झालेला असतो.

आता नर ओळखू. पंख पूर्ण वाढलेलं झुरळ घ्या, उताणं करा आणि भिंगातून पोटाचं टोक पाहा. दोन्ही बाजूंना खंडाखंडांचे जाडसर शूक दिसतील. त्यांना सर्काय म्हणतात आणि ते नर-मादी दोघांनाही असतात. त्यांच्या मधल्या जागेत, पोटाच्या नवव्या खंडाला (कड्याला), दोन बारीक बिनखंडाचे काटे असतील तर तो नर. हे काटे म्हणजे स्टाइल. मादीच्या पोटाचा शेवट रुंद असतो आणि खालची सातवी पट्टी मागे दुभंगलेली असते. बिनपंखी पिल्लू घेऊ नका, कारण पिल्लांमध्ये माद्यांनाही स्टाइल असतात.

झुरळ झाकणाच्या डबीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने ते आधी सुस्त होतं आणि मग मरतं. स्प्रे मारलेलं झुरळ वापरू नका. त्याचं औषध हाताला लागतं आणि ते कधी मेलं हे कळत नसल्याने आतले अवयव बहुधा सुकलेले असतात. हातमोजे घालाच. घरात कुणाला दमा असेल तर हे काम गॅलरीत करा, कारण झुरळाच्या अंगाच्या कणांनी दमा उसळू शकतो.

पसरट डब्यात मेण वितळवून ओता आणि त्यात थोडी काजळी मिसळा. ही काजळी टाळू नका. पांढऱ्या मेणावर पांढऱ्या नळ्या दिसतच नाहीत, काळ्यावर लख्ख दिसतात. पाव लिटर पाण्यात सव्वादोन ग्रॅम मीठ विरघळवून ठेवा. साध्या पाण्यात पेशी फुगतात, म्हणून मीठ.

पाय आणि पंख कापून झुरळ पालथं ठेवा, छातीत टाचण्या मारा आणि ते पूर्ण बुडेल इतकं मिठाचं पाणी ओता. पाण्यात अवयव तरंगून आपोआप सुटे होतात. बारीक कात्रीने पोटाच्या दोन्ही कडा मागून पुढे कापत जा. कात्रीचं टोक वरच्या दिशेला ठेवा, आत खुपसू नका. मग पाठीच्या पट्ट्या चिमट्याने एकेक करून उचला. खाली चरबीचा थर, चमकणाऱ्या श्वासनलिका आणि आतड्याची वेटोळी दिसतील. आतडं कापून काढू नका. ते अलगद एका बाजूला सरकवा आणि टाचणीने अडवा.

आता सहाव्या-सातव्या खंडात पाहा. तिथे बारीक नळ्यांचा एक दाट पांढरा झुपका असतो. कडेच्या नळ्या लांब आणि मधल्या आखूड. हीच छत्राकार ग्रंथी. ती सापडली की निम्मं काम झालं. ड्रॉपरने तिच्यावर पाण्याचे हलके झोत सोडा, नळ्या एकमेकींपासून सुटतात आणि हा झुपका फुलतो. बोटं थांबवून बघत राहावं असंच हे दृश्य आहे. ग्रंथीच्या खालच्या अंगाला शुक्राशयाच्या, म्हणजे शुक्राणू साठवणाऱ्या, छोट्या पुटिका चिकटलेल्या असतात. याच ठिकाणी दोन्ही बाजूंनी दोन दोऱ्यासारख्या शुक्रवाहिन्या येऊन मिळतात. त्यातली एक सुईने धरून तिच्या मागोमाग वर जा. ती चौथ्या ते सहाव्या खंडाच्या कडेला चरबीत शिरते, आणि तिथे बारीक गोल पुटिकांची जी लड लागते ते वृषण. ग्रंथीपासून मागे जाणारी जाडसर नळी म्हणजे स्खलनवाहिनी. तिचं तोंड गुदद्वाराच्या खाली उघडतं. तोंडाभोवती काइटिनचे तीन कडक, वेडेवाकडे भाग असतात. डावा आणि उजवा सारखे नसतात, त्यामुळे आपलं काही तुटलं असं समजू नका. मीलनाच्या वेळी मादीला धरून ठेवायला हेच भाग कामी येतात.

एवढी मोठी ग्रंथी कशासाठी? झुरळाचा नर शुक्राणू मोकळे सोडत नाही. ग्रंथीच्या निरनिराळ्या नळ्यांचा स्राव थरावर थर चढवून शुक्राणूंची बंद पुडी तयार करतो. तिला स्पर्माटोफोर म्हणतात. ही पुडी मादीच्या आत चिकटवली जाते आणि शुक्राणू तिच्यातून निघून मादीच्या साठवणीच्या पिशवीत जातात. जर्मन झुरळाचा नर तर या पुडीवर युरिक आम्ल ओततो, आणि मादी पुढे ते खाते. ड्रोसोफिला या बारीक माश्यांच्या वंशात नराच्या अशाच ग्रंथींच्या स्रावामुळे मादी काही काळ दुसऱ्या नराला नकार देते.

कॉलेजचा सूक्ष्मदर्शक मिळाला तर शुक्राशयाचा कण काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात ठेवा, आच्छादन काच हलकेच दाबा आणि ४०० पटीला पाहा. शुक्राणू लांब, बारीक धाग्यांच्या जुडीसारखे दिसतात. फ्रीझरमुळे ते हलत नाहीत. कीटकांत ही लांबी कुठवर जाते पाहा: ड्रोसोफिला बायफर्का या इवल्याशा माशीचा एक शुक्राणू सुमारे ५.८ सेंटिमीटर लांब असतो.

सगळी संस्था सुटी करून ठेवायची असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि बाटलीवर तारीख व सापडल्याची जागा लिहा. उरलेलं झुरळ कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, अवजारं उकळत्या पाण्यात बुडवून काढा. पुढच्या वेळी मादी घ्या आणि शुक्राणू साठवायची पिशवी शोधा.