कोबी-फ्लॉवरचं बी ट्रेमध्ये टाकण्याआधी गरम पाण्यात घाला, घाण्या रोग मुख्यतः बियातून येतो

सप्टेंबरच्या लागणीसाठी रोपं टाकायची गडबड सुरू झालीये, ट्रे भरायला बसण्याआधी एवढं वाचा.

दरवर्षी तेच बघतोय. रोपं लावली की महिनाभर प्लॉट हिरवागार, गड्डा धरायला लागला की पानाच्या कडेला पिवळेपणा, मग व्ही आकाराचा डाग, टोक आत शिरेकडे, शिरा काळ्या पडतात, आणि आठ दिवस ऊनपाऊस लागला की गड्डा सडून वावरात उभं राहवत नाही असा वास सुटतो. हाच घाण्या. मग दुकानात पळापळ. मागच्या वर्षी आमच्या शिवारात एकाने चार फवारण्या घेतल्या, दरवेळी दुकानदाराने नवीन पुडी दिली, तरी निम्मा प्लॉट रोटर मारून गाडावा लागला. चूक फवारणीत नव्हती, बी न तापवता टाकलं तिथेच झाली होती.

घाण्याचा जिवाणू (झॅन्थोमोनास) बियाच्या वर आणि सालीच्या आतही असतो. बी दिसायला ठणठणीत, उगवणही चांगली, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. दमट हवेत १०,००० बियांत ३ बिया रोगट असल्या तरी रोगाची साथ येऊ शकते. आता हिशोब करा, १० ग्रॅमच्या पुडीत साधारण ३,००० बिया असतात, म्हणजे पुडीमागे एक रोगट बी पुरे. ते एक रोप ट्रेमध्ये उगवतं, वरून झारीने किंवा शॉवरने पाणी मारलं की शिंतोडे शेजारच्या रोपांवर, आणि तुम्ही सगळा ट्रे चांगला समजून वावरात नेता. सकाळी पानांच्या कडेला पाण्याचे थेंब दिसतात ना, जिवाणू त्याच छिद्रांतून आत शिरून शिरेत बसतो. एकदा शिरेत गेला की वरून मारलेलं औषध तिथे पोचत नाही, म्हणून फवारणीने घाण्या बरा होत नाही, फार तर पसरायचा वेग कमी होतो.

उपाय स्वस्त आहे, ५० अंशाचं पाणी. कोबीचं बी २५ मिनिटं, फ्लॉवर आणि नवलकोल २० मिनिटं. थर्मामीटर लॅबचा घ्या, तापाचा ४२ च्या पुढे जात नाही, आणि बोट घालून अंदाज तर अजिबात नको. पाणी ४७-४८ वर आलं तर जिवाणू जिवंत राहतो, ५३-५४ वर गेलं तर बी मरतं, सगळा खेळ या चार-पाच अंशांचा आहे. बी मलमलच्या फडक्यात सैल बांधा, आधी १० मिनिटं कोमट पाण्यात (३८ अंश) धरा, मग ५० च्या पाण्यात. भांडं मोठं घ्या, छोट्या पातेल्यात पाणी लगेच निवतं, सतत हलवत राहा आणि बाजूला गरम पाणी तयार ठेवा. वेळ झाली की लगेच गार पाण्यात ५ मिनिटं, मग कागदावर सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी टाका, प्रक्रिया केलेलं बी साठवून ठेवू नका.

आधी ५० बियांवर करून उगवण बघा. जुनं बी गरम पाण्याला टिकत नाही. वरून लेप देऊन गोळी केलेल्या बियाला हे करूच नका. रंगीत, औषध लावलेल्या बियाला कंपनीने आधीच गरम पाण्याची प्रक्रिया केलीये का ते विचारा, आणि तसं बी भिजवलंच तर हातमोजे घाला, ते पाणी जनावरांपासून आणि विहिरीपासून लांब टाका.

गरम पाण्याने बियावरचे चांगले जिवाणूही जातात, जागा मोकळी होते. म्हणून सुकल्यावर स्युडोमोनास (रोगाशी लढणाऱ्या चांगल्या जिवाणूची भुकटी) १० ग्रॅम प्रति किलो चोळा, १० ग्रॅमच्या पुडीला चिमूटभर होतं. त्याच्यात थायरम (बुरशीनाशक) किंवा अँटिबायोटिक मिसळू नका, नाहीतर चांगला जिवाणूच मरू शकतो. दुकानात ‘बी बूस्टर’ म्हणून महागड्या बाटल्या दाखवतील, माझ्या मते त्या पैशात दोन थर्मामीटर येतील.

बाकी नेहमीचं:
- एकरी बी ८० ते १०० ग्रॅम (संकरित)
- रोप २५-३० दिवसांचं
- अंतर ६० × ४५ सें.मी.
- शेणखत चांगलं कुजलेलं
- त्याच वावरात २-३ वर्षं कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी नको

तयार रोपं नर्सरीतून घेत असाल तर बी गरम पाण्यातून काढलं होतं का हे तोंडावर विचारा, उत्तर गोलमोल आलं तर दुसरी नर्सरी बघा. लागणीआधी सगळी रोपं पानांसकट एकाच बादलीत बुडवायची सवय सोडा, त्यात एक रोगट रोप असलं की बादलीभर रोपांना लागतं. माझा अंदाज असा की ओढ्याकाठची, सखल, सकाळी उशिरापर्यंत दव राहणारी वावरं आधी जातात, तिथे यंदा तरी कोबी टाळा.

डाग दिसलेच तर कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं औषध) २५ ग्रॅम १० लिटर पाण्यात, त्यापुढे खर्च वाढवू नका. रोगट झाडं दुपारी पानं कोरडी झाल्यावर उपटा, दवात हात लावलात तर तुम्हीच पुढच्या सरीत नेऊन लावाल. उपटलेली झाडं उकिरड्यावर किंवा पाटात न टाकता लांब खड्ड्यात पुरा.