फ्रान्समधलं मध्ययुगीन शेतीगाव: मुंबईतूनच नकाशा कसा वाचावा

छोट्या फ्रेंच गावात पोचलं की पर्यटक चर्चपाशी थांबतात आणि परततात. मध्ययुग गल्ल्यांच्या वळणांत आणि शेतांच्या बांधांतही उरलेलं असतं. ते आधी नकाशावर ओळखून जावं.

बर्गंडीतलं आंझी-ल-द्युक घ्या. पांढऱ्या शारोले गुरांच्या कुरणांमधलं हे गाव. शोधताना नावासोबत विभाग, म्हणजे तिथला जिल्हा, लिहा (सोन-ए-ल्वार, क्रमांक ७१), कारण फ्रान्समध्ये एकाच नावाची अनेक गावं आहेत.

आधी फ्रेंच सरकारची मेरिमे ही वास्तुसूची उघडा आणि शतकाचा रकाना नीट वाचा. टोकदार कमानी दिसल्या म्हणजे चर्च मध्ययुगीनच, असं नाही. १९व्या शतकात त्या शैलीत खूप नवी चर्च बांधली गेली. आंझीचं मात्र अस्सल रोमानेस्क, म्हणजे गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतलं आहे, अष्टकोनी मनोऱ्याचं.

खरा खजिना म्हणजे नेपोलियनने १८०७ साली सुरू केलेल्या जमीनमोजणीचे नकाशे. बहुतेक विभागांच्या अभिलेखागारांनी ते ऑनलाइन फुकट ठेवलेत. आधी संपूर्ण गावाचा, सगळी पानं कशी जुळतात ते दाखवणारा जोडनकाशा पाहा, मग वस्तीचं पान. उत्तरेचा बाण तपासा. उत्तर नेहमी वर नसते, आणि तिथेच दिशा चुकतात. चर्चला वळसा घालणारी गोल गल्ली जुन्या आवाराची खूण असू शकते. शेताचं नाव ‘ला मोत’ असेल तर तिथे मातीच्या टेकाडावरची गढी असण्याची शक्यता, ‘लेझ एसार’ म्हणजे जंगल तोडून काढलेली जमीन. नजर बसवायला आधी वरळी कोळीवाडा उपग्रहचित्रात पाहा: आखीव रस्त्यांच्या मधोमध वाकडीतिकडी, दाट वस्ती लगेच वेगळी दिसते.

आजच्या उपग्रहचित्रापासून मात्र सुरुवात करू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये शेतांची तुकडेजोड, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करणं, मोठ्या प्रमाणावर झाली, कुंपणं उपटली गेली, बांध पुसले. त्याऐवजी फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेच्या संकेतस्थळावर १९५०-६५ मधली विमानातून घेतलेली छायाचित्रं जुन्या नकाशाशेजारी ठेवा.

लहान गावातली चर्च बऱ्याचदा कुलूपबंद असतात, म्हणून किल्लीबद्दल मेरीत, म्हणजे गावाच्या कचेरीत, आधीच फोन करा. ती आठवड्यातून मोजकेच तास उघडी असते. तिथले सकाळचे नऊ म्हणजे मुंबईत उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड. आंझीच्या मठाचं एक कोरीव दार पारे-ल-मोनियाल या शहरातल्या हिएरों संग्रहालयात आहे. ते गावात शोधू नका, त्यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा.