लॉर्ड बर्लीची शर्यत, बडोद्याचं मैदान: ४०० मीटर हर्डल्सचा सराव कसा लावावा

डेव्हिड सेसिल, म्हणजेच लॉर्ड बर्ली, हा ब्रिटिश धावपटू १९२८ साली अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर हर्डल्स, म्हणजे दहा अडथळ्यांवरून उडत धावायची शर्यत, ५३.४ सेकंदांत जिंकला. मागचे दोघे अमेरिकन ५३.६ वर होते. त्यातला मॉर्गन टेलर आधीच्या ऑलिंपिकचा विजेता. १९३१ मध्ये बर्ली पीटरबरोमधून कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा खासदार झाला आणि पुढच्याच वर्षी संसदेतून रजा घेऊन लॉस एंजेलिसला धावला. तिथे हर्डल्समध्ये चौथा आला, ४×४०० रिलेत रौप्य मिळालं. बर्ली हाउसमध्ये जन्मलेल्या उमरावाला सवड होतीच; पण या शर्यतीत सवडीपेक्षा मोजमाप कामी येतं. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहून नोकरी करणाऱ्यालाही आठवड्यात तीन सकाळी, दर वेळी पन्नास मिनिटं पुरतात.

आधी हर्डल. एका हर्डलला एक इंची पीव्हीसी पाइप सुमारे सव्वापाच मीटर, चार एल्बो (काटकोनी जोड) आणि दोन टी (तीन तोंडांचे जोड) लागतात. वरची आणि खालची आडवी नळी प्रत्येकी ११५ सेंमी. जमिनीवरचा प्रत्येक पाय १० आणि ४५ सेंमीच्या दोन तुकड्यांचा, मध्ये टी; खालची आडवी नळी या दोन टींमध्ये बसते. उभ्या नळ्या खाली पायाच्या टोकाशी आणि वर आडव्या नळीशी एल्बोने जोडायच्या; त्या आधी थोड्या लांब कापा, जोडून पाहा, मग वरची कड हव्या उंचीवर येईल इतक्या छाटा. शर्यतीत पुरुषांसाठी ९१.४ आणि महिलांसाठी ७६.२ सेंमी उंची असते; नवशिक्याने, पुरुष असला तरी, ७६.२ वरच सुरू करावं. खालचे जोड सोल्युशनने चिकटवा. वरची आडवी नळी मात्र नुसती दाबून बसवा, म्हणजे पाय लागला की ती सुटते.

हर्डलचे पाय धावणारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला हवेत. तसं मांडलं तर धक्क्याने हर्डल पुढे पडतं. उलटं मांडलं तर पडत नाही, माणूस पडतो. वाऱ्याने हलतं म्हणून पायांत वाळू भरण्याचा मोह होतो. भरू नका, त्यानेही ते पडेनासं होतं. बर्लीच्या काळी हर्डल्स जड असत आणि तीन पाडली तर धावपटू बाद होई. १९३२ चा विजेता बॉब टिस्डल याने एक हर्डल पाडलं, म्हणून विश्वविक्रम दुसऱ्या आलेल्या ग्लेन हार्डिनच्या नावावर लागला.

आखणी: सुरुवातीपासून पहिलं हर्डल ४५ मीटरवर, पुढची पस्तीस-पस्तीस मीटरवर, दहाव्यानंतर ४० मीटर. सरावाला तीन हर्डल्स भरपूर. थांबायला जागा धरून १३५ मीटर सरळ पट्टा लागतो. पोलो मैदानासारख्या मोकळ्या जागेत ५० मीटरचा टेप आणि चुना घेऊन जा. पावलांनी अंतर मोजू नका. अर्धा मीटर चुकला तरी पावलांचा सगळा हिशेब बिघडतो.

खरं काम या हिशेबातच आहे. हर्डलच्या साधारण २.१ मीटर आधी उडी, १.२ मीटर पलीकडे पाय टेकतो. उरले ३१.७ मीटर. पंधरा पावलांत ते कापायचे तर प्रत्येक पाऊल २.११ मीटरचं, सतरांत १.८६, एकोणिसांत १.६७. नवशिक्याने सतरा किंवा एकोणीसच धरावीत. विषम संख्येत दर वेळी तोच पाय पुढे येतो, सम संख्येत पाय बदलतो. शक्यतो डावा पाय पुढे टाका: वळणावर उजवा पुढे टाकला तर मागून येणारा डावा पाय हर्डलच्या आतल्या बाजूने, कडेखालून निसटतो आणि पंच बाद ठरवतात.

सहाव्या-सातव्या हर्डलपाशी दमल्यावर पाऊल आखूड होतं, हर्डलसमोर तीन-चार चिमटी पावलं पडतात आणि वेग मरतो. जोर लावून हे सुटत नाही. पाचव्यानंतर सतरावरून एकोणिसावर जायचं, असं आधीच ठरवा आणि दमलेल्या पायांनीच त्याचा सराव करा: २०० मीटर साधं धावून, दीड मिनिट थांबून, लगेच तीन हर्डल्स. अशा चार फेऱ्या, मध्ये सहा मिनिटं विश्रांती.

दुसरी खोड म्हणजे हर्डलवरून फार उंच उडणं. त्यावर बर्लीची म्हणून सांगितली जाणारी युक्ती वापरा. हर्डलवर काडेपेटी ठेवून ती पुढच्या पायाने उडवायची, हर्डलला स्पर्श नाही. गोल पाइपवर पेटी टिकत नाही, म्हणून सात सेंमी रुंद पुठ्ठ्याची पट्टी उभी बांधून तिच्या कडेवर चिकणमातीच्या ठिपक्याने पेटी बसवा. पेटी जागेवरच राहिली तर तुम्ही उंच गेलात. पट्टी हलली तर उडी उशिरा घेतलीत. एका सकाळी दहा-बारा प्रयत्न पुरे.

बर्ली पुढे बर्म्युडाचा गव्हर्नर झाला, १९४८ च्या लंडन ऑलिंपिकच्या संयोजन समितीचा अध्यक्ष राहिला आणि १९४६ ते १९७६ आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघ त्याच्या हाती होता.

बडोद्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत सराव आटपा. पावसाळ्यात ओल्या मातीवर पाय टेकताना घसरतो, म्हणून हर्डल्स घरी ठेवा आणि चुन्याच्या जागी विटकरीच्या भुकटीने खुणा करून फक्त पावलं मोजत धावा.