फेंडर कापलं, पण कडेचं काय? या चुका टाळा

मोठे टायर बसावेत म्हणून जिप्सीच्या किंवा थारच्या फेंडरची चाकावरची कमान कापून घ्यायची, कापलेल्या कडेवर स्प्रेचा डबा फिरवायचा आणि वर रबरी बीडिंग, म्हणजे कड झाकणारी पट्टी, दाबून बसवायची. काम झालं! पावसाळा संपल्यावर तीच बीडिंग उपटून बघा. खोबणीत ओली माती आणि कडेला तांबूस पापुद्रे सापडतील. बीडिंग हात कापू नये म्हणून आणि दिसायला असते. गंज रोखायची सोय तिच्या आधी व्हायला हवी.

मागची कमान पुढच्यासारखी कापणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पुढचं फेंडर म्हणजे बोल्टने लावलेला एकेरी पत्रा, साधारण पाऊण मिलिमीटरचा. मागे मात्र बंद बॉडीच्या बहुतेक गाड्यांत बाहेरचा पत्रा आणि आतला चाकघराचा पत्रा कमानीच्या दुमडीत स्पॉट वेल्डिंग मारून जोडलेले असतात. दुमड कापली की तो जोडच जातो. दोन पत्र्यांमध्ये फट पडते, चाकाने उडवलेला चिखल त्या पोकळीत साचतो आणि पाणी थेट डिकीत उतरतं. ही फट रंगाने बुजत नाही.

बाहेरचा पत्रा खुणेवर कापा, आतला २०-२५ मिमी जास्त ठेवा. आतल्या पत्र्याला दर २५ मिमीवर काप द्या आणि त्या पट्ट्या हातोडीने बाहेरच्या पत्र्याला भिडवा. मग ३०-४० मिमी अंतरावर मिग वेल्डिंगचे टाके घ्या. टाके सलग घेऊ नका. एक इकडे, एक तिकडे, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटांसारखा वाकतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि आतलं कार्पेट, फोम बाजूला करा, कारण आग लागते ती तिथेच.

ठिणग्या आणि धार

ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. ते काचेवर, दाराच्या रंगावर चिकटतात आणि थोड्याच दिवसांत तिथे गंजाचे ठिपके उमटतात. शेजारचा भाग ओल्या जाड कापडाने झाका. शक्य तिथे जिगसॉला (विजेच्या बारीक करवतीला) इंचाला २४ दातांचं पातं लावा. ग्राइंडरच वापरलात तर कडेजवळचा रंगही भाजतो; तो वरून शाबूत दिसला तरी २०-२५ मिमी मागेपर्यंत घासून काढा.

आता धार. ओला रंग टोकदार कडेवर टिकत नाही, दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमक्या टोकावर थर सगळ्यात पातळ राहतो. म्हणून दोन्ही अंगांनी कानस मारून, मग १२० नंबरच्या पेपरने कड गोल करा. जुना सुती मोजा कडेवरून ओढून बघा. एकही धागा अडकला तर अजून काम बाकी आहे.

चुकीचा थर

नुसता रेड ऑक्साइड प्रायमर पुरत नाही, तो पाणी शोषतो. चकचकीत ताज्या पत्र्यावर रस्ट कन्व्हर्टर लावण्यात अर्थ नाही, कारण रूपांतर करायला तिथे गंजच नसतो. कन्व्हर्टरचं उरलेलं आम्ल मात्र वरचा रंग उचकटतं.

ग्रीस रिमूव्हरने पुसा, दुसऱ्या कोरड्या कापडाने लगेच टिपा आणि त्याच दिवशी दोन घटकांचा एपॉक्सी प्रायमर लावा. कोकणातल्या दमट हवेत उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर तपकिरी छटा दिसते. हार्डनरचं, म्हणजे त्यातल्या दुसऱ्या घटकाचं, प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजाने नाही. आधी नुसत्या कडेवर ब्रशने एक हात द्या, मग पूर्ण पट्टीवर दोन हात. जोडाची फट बुजवणारं सीलंट या प्रायमरवर येतं, उघड्या पत्र्यावर नाही, आणि ते पॉलियुरेथेनचं हवं. नळीतून व्हिनेगरसारखा वास आला तर ते सिलिकॉन आहे, परत ठेवा. त्यातलं आम्ल लोखंड खातं आणि त्यावर रंगही धरत नाही.

बीडिंगची घाई

वरचा रंग नखाने दबत असेल तर थांबा. धातूचा गाभा असलेल्या बीडिंगचे दात मऊ रंग थेट पत्र्यापर्यंत खरवडतात. घेताना पत्रा आणि रंगाची मिळून जाडी सांगा. खालच्या टोकाला पाणी निथळायला वाट ठेवा. फ्लेअर, म्हणजे कमानीबाहेर येणारी रुंद पट्टी, लावणार असाल तर प्रत्येक भोकाच्या कडेलाही प्रायमर हवा. स्टीलच्या स्क्रूखाली नायलॉनचा वायसर घाला.

रंगाला फुगा कुठे आला ते बघा

नेमका कडेवर असेल तर धार राहिली किंवा रंग पातळ बसला. तेवढाच भाग घासून पुन्हा करता येतो. रंग पापुद्र्यासारखा अख्खा सुटला तर पृष्ठभाग तेलकट होता. कडेपासून दोन बोटं वर फुगे आले तर मात्र गंज आतून आलाय, बाहेरून कितीही पुट्टी भरा, तो परत येणार. टेल लॅम्प काढून त्या पोकळीत बोट घाला. माती हाताला लागली तर ती धुऊन, दोन दिवस वाळवून, तुटलेला जोड नीट करा आणि मग लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारा. वॅक्स सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर तिथे वेल्डिंग करता येत नाही.