आमवातात सूज अन् थकवा सांभाळून घरचं-शेतातलं काम कसं करायचं

आमवात म्हणजे डॉक्टर ज्याला र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो, वय झाल्यावर गुडघे झिजतात तो वेगळा. यात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते, म्हणून बोटांचे सांधे, मनगटं, पायाचे चवडे सुजतात अन् बहुतेक दोन्ही बाजूंनी सारखेच. बायांना हा पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होते. अन् जो थकवा येते ना तो आळस नाही, अंगात सूज चालू असते तिचाच तो भाग आहे, तापातून उठल्यावर अंग गळालेलं असते तसं रोजच. मी स्वतः हे भोगून राहिली म्हणून लिहून राहिली, जमलं तर घरच्यांना पण वाचून दाखवा, कारण सूज तरी त्यांना दिसते, थकवा दिसत नाही अन् मग बोलणे खावे लागतात.

आधी सकाळचं. उठल्या-उठल्या मूठ मिटत नाही, लोटा धरवत नाही, हे अर्धा-एक तास तरी चालते अन् आजार भडकलेला असला की दहा-अकरा वाजेपर्यंत पण. म्हणून सकाळचं जे काम बोटांचं आहे ते रात्रीच उरकायचं, भाजी चिरून ठेवा, काड्या फोडून चुलीजवळ ठेवा, आणि चहा-साखरेच्या डब्यांची झाकणं रात्रीच सैल करून ठेवा, सकाळी ती झाकणं उघडतानाच सगळ्यात जास्त रडू येते. उठलं की घमेल्यात कोमट पाणी घेऊन हात दहा मिनिटं बुडवा, पाण्यातच बोटं हळूहळू उघडा-मिटा. पाणी किती गरम ते कोपरानं पाहा. पण जो सांधा हात लावला की गरम लागते, लालसर दिसते, त्याला शेक नाही, त्याला माठातल्या पाण्याची ओली पट्टी. अन् गावात तेल लावून रगडून देणारी एखादी बाई असतेच, तिला सुजलेल्या सांध्यावर जोर लावू देऊ नका.

सूज चढून राहिली असं वाटलं की अंगठी, जोडवी अन् घट्ट बांगड्या आधीच काढून ठेवा. एकदा बोट फुगलं की अंगठी निघत नाही, कापावी लागते. बांगड्यांवरून घरात कुरबूर होते हे माहीत आहे मला, मग मोठ्या मापाची सैल बांगडी घाला, पण मनगटावर आवळू देऊ नका.

भाकर थापणं मनगटाला पोळी लाटण्याहून जड जाते. भडकलेल्या दिवसांत वरण-भात करा नाहीतर ज्वारीच्या पिठाचं धिरडं, कोणी उपाशी राहत नाही. पाण्याचा गुंड कडेला बोटं अडकवून उचलू नका, त्यापेक्षा अर्धी-अर्धी बादली दोन चकरांत. कपडे पिळायचेच नाहीत, निथळते तसेच दोरीवर टाका, आपल्याकडच्या उन्हात वाळतातच. लाटणं, झारा, विळा यांच्या मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, मूठ जाड झाली की कमी जोरात धरता येते. बसायला प्लास्टिकची खुर्ची, उकिडवं बसून भांडे घासणं बंद.

आता शेताचं, कारण खरी अडचण तिथं आहे. निंदणाची रोजी असते, सगळ्या बाया सकाळी एकदमच निघतात अन् आपले हात तेव्हा लाकूड झालेले, त्यात विळा धरून दिवसभर वाकून त्यांच्या बरोबरीनं चालायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी उठणं नाही. कापूस वेचणी मात्र किलोवर असते, उशिरा गेलं तरी चालते, थोडा वेचला तर थोडे पैसे, पण कोणाचं ऐकावं लागत नाही. जमत असेल तर निंदणाला नाही म्हणा अन् वेचणी धरा. ओटी भरेपर्यंत वाट पाहू नका, अर्धी झाली की रिकामी करा, अन् बोंडाच्या टोकांनी बोटं टोचली-चिरली तर घरी येऊन साबणानं धुवा, आमवाताच्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी असते, जखम चिघळू शकते.

आणि चांगला दिवस आला की त्या दिवशी सगळं उरकायचं नाही. हे मी सगळ्यात जोर देऊन सांगते. आज हात हलके आहेत म्हणून अंगण सारवलं, गोधड्या धुतल्या, वर तुरीच्या शेंगा तोडल्या की पुढचे दोन-तीन दिवस खाटेवर. चांगल्या दिवशी पण एक जड काम, मग थोडं पडायचं, मग एक हलकं काम. वाईट दिवशी पण अगदी पडून नाही राहायचं, घरातल्या घरात चाला, सांधे हळू हलवा, नाहीतर ते अजून आखडतात. थकवा फारच असला तर हिमोग्लोबिन तपासा, आमवातात रक्त कमी होणं नेहमीचं आहे अन् आपल्याकडे बायांचं तसंही कमीच असते. खाण्यात वांगं बंद, दही बंद, तूर बंद असं जो तो सांगते, पण सगळ्यांना लागू असं कोणतंच पथ्य नाही, डाळ-अंडी बंद करून माणूस अजून अशक्त होते. बिडी-सिगरेटनं मात्र हा आजार खरंच वाढते.

गोळ्यांचं नीट वाचा. बहुतेकांना मेथोट्रेक्सेट देतात, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतते. आमच्या घरी ती बाजाराच्या दिवशी रात्री जेवून, म्हणजे विसरायचा प्रश्नच नाही. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या दिवशी. फरक पडायला ६ ते १२ आठवडे लागतात, पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नका. रक्ताची तपासणी सुरुवातीला लवकर लवकर, मग साधारण ३ महिन्यांनी, लिव्हरसाठी. दारू चालत नाही. मूल पाहिजे असेल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल तर लगेच डॉक्टरला सांगा, ही गोळी त्यात चालत नाही. ताप किंवा खोकला जोरात असला तर त्या आठवड्याची गोळी घ्यायची का हे विचारून घ्या.

एका इंजेक्शनात वात पळवणारे अन् बिना नावाच्या पुड्या देणारे खूप आहेत. दोन दिवसांत आराम पडते तो बरेचदा स्टेरॉइडचा असते, मग तोंड सुजते, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पण खूप दिवसांपासून घेऊन राहिले असाल तर एकदम बंद करू नका, पुडी घेऊन खऱ्या डॉक्टरकडे जा, स्टेरॉइड हळूहळू कमी करावं लागते.

अजून निदान झालं नसेल अन् सूज ६ आठवड्यांच्या वर टिकली तर थांबू नका, बोटं वाकडी व्हायच्या आधी औषध सुरू व्हायला पाहिजे. नागपूरचं मेडिकल, सेवाग्राम, यवतमाळचं मेडिकल कॉलेज, कुठंही मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा. आरए फॅक्टर म्हणजे आमवातासाठी करतात ती रक्ताची तपासणी, ती निगेटिव्ह आली तरी आमवात असू शकते, अन् चिकनगुनियानंतर पण महिनोन्‌महिने सांधे दुखतात, म्हणून तो झाला होता का ते सांगा. एकच सांधा एकाएकी लाल-गरम झाला अन् ताप भरला तर त्याच दिवशी दवाखाना. जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं अन् एक चिठ्ठी न्या, चिठ्ठीत लिहा की सकाळी हात किती वेळानं सुटतात, कोणते सांधे सुजतात, कोणतं काम जमत नाही. ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, चिठ्ठी असली की काही राहत नाही.